खूण सांगा

मुक्काम सातनिंब, पोस्ट शेजारच्या गावाचं, तालुका पारोळा.
पत्त्यात आमचं नाव आधी येतं,
तोंडात मात्र येतच नाही.
जळगावच्या दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत
कोणी विचारलं, ‘कोठला शेतस?’
की आम्ही सगळे पारोळ्याचे.
आणि खुद्द पारोळ्यात कोणी विचारलं
तर हात नुसता उगवतीकडे करायचा,
‘तठे... नालाना पल्याड.’

अकरा उंबरे. निंब म्हणे सात होते.
मी नांदायला आले तेव्हा पाच,
आता चार, आणि एक बुंधा
ज्यावर बसून हिलाल अण्णा दाढी करतात.

मी तीन वस्त्यांची टपालवाली.
पत्र असं कोणाला येत नाही आता.
आधार कार्ड येतं, बँकेचं पाकीट,
भावाभावांच्या वाटणीची तारीख.
वर घर नंबर नसतो, नुसतं नाव,
आणि नाव पुरतं.
दगूबाई दोन आहेत,
पण खातं एकीचंच आहे.

पारोळ्याचं बरं, त्याला किल्ला आहे.
किल्ल्याच्या मागे, किल्ल्यावरून डावीकडे,
किल्ल्यापाशी भजी तळतो त्याच्या समोर.
बुरूज ढासळले
तरी पत्ता ढासळत नाही.
बाजाराच्या दिवशी आमच्या बायका
मिरची संपली की त्या भिंतीला पाठ टेकतात.
दगड गार असतो.
कोणी बांधला, कोणी पाडला,
कधी विचारलं नाही.
पाठ गार झाली की उठायचं,
रिक्षा भरायच्या आत जागा धरायची.

गेल्या पौषात सुपडाबाईच्या नातवाने
मोबाईलवरून बूट मागवले.
दिवेलागणीला फोन आला,
‘काकू, मी तौसिफ, पार्सलवाला. लँडमार्क सांगा.’
सुपडाबाई म्हणाली, निंब.
‘काकू, इथे सगळे निंबच आहेत.’
मग म्हणाली, काळी म्हैस बांधलेली आहे बघ.
म्हैस तेव्हा पाण्यावर गेलेली.

तेवढ्यात लाईट गेली.
कपाशीच्या रानात गाडीचा एकच दिवा
कधी आमच्याकडे, कधी उलटा,
नाल्यात उतरला, पुन्हा वर आला.
फोन लागेना.
टॉर्च हलवून पाहिला, हाका मारून पाहिल्या,
दोन कुत्री तेवढी आली.
अण्णांनी मग पऱ्हाट्यांची मोळी ओढली
आणि खळ्यात पेटवून दिली.
पऱ्हाटी काय जळते!
चारी निंब एकदम उभे राहिले
आणि अकरा घरांची माणसं
एकमेकांना नवीनच दिसली.

तौसिफ आला. ओठ निळे, पँटीला गोखरू.
बूट दिले, सही घेतली,
आणि जायचं सोडून हात शेकत बसला.
चहा झाला. कळण्याची भाकरी, वर ठेचा.
‘अब्बाचं दुकान किल्ल्याच्या दारातच आहे,’ म्हणाला,
‘जन्म तिथे गेला, पण इथे कोणी राहतं
हे माहीत नव्हतं बघा.’
मग मोबाईल काढला.
‘नकाशात टाकून ठेवतो. नाव काय लिहू?’

आम्ही गप्प.
अण्णा सवयीने म्हणाले, ‘पारोळा टाक.’
सुपडाबाई खेकसली,
‘पारोळ्याला आहे की पारोळा!’
दोन्ही दगूबाई हसल्या.
कोणीतरी सातनिंब म्हणालं असेल,
मीच म्हणाले असेन, पण हळू.
तौसिफने जाळाकडे बघत काहीतरी लिहिलं
आणि किक मारली.

वैशाखात दुसराच एक पोरगा आला.
भर दुपार, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय,
घामाने शर्ट अंगाचाच झालेला.
निंबाखाली गाडी लावून
माझ्याच हातात त्याने मोबाईल दिला,
‘मावशी, शेकोटी कुठे आली इथे?’

मला हसू आलं, पण हसले नाही.
सुपडाबाईने आधी तांब्या दिला,
तो खाली होईतो थांबली,
मग खळ्यातल्या काळ्या डागाकडे
हनुवटी केली,

‘हाई काय. आठेच शे.’